मन वळवण्याचा अभ्यास: ललिताजीपासून ॲपच्या बटणापर्यंत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहात, माध्यमांचा अभ्यास हा विषय आहे. प्रकल्पासाठी ‘लोकप्रिय संस्कृतीतली वक्तृत्वकला आणि मन वळवण्याची तंत्रं’ असा विषय घेतलात. दहा जाहिराती निवडून प्रत्येकीत इथॉस (बोलणाऱ्याची विश्वासार्हता) कुठे, पॅथॉस (ऐकणाऱ्याची भावना) कुठे, लोगॉस (मांडणीतला तर्क) कुठे याचा तक्ता केलात. आता सगळ्या जाहिराती सारख्याच दिसायला लागल्या आहेत आणि मार्गदर्शक म्हणतात की विषय फार मोठा आहे. शिवाय घरच्यांना वाटतं की जाहिराती आणि गाणी बघण्यात अभ्यास तो काय. विषय कोणता घ्यावा, काम कसं करावं आणि याचा पुढे उपयोग काय, असं तुम्ही विचारलं आहे.

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. दहाच्या जागी एक जाहिरात घ्या, फार तर दोन. आणि तो तक्ता सध्या बाजूला ठेवा. त्याऐवजी एकच प्रश्न घेऊन बसा: हे ज्याच्यासाठी केलं, त्याच्या मनात त्या वेळी कोणती शंका होती?

शिकवायला लागण्याआधी मी काही वर्षं मुंबईत जाहिरातींचा मजकूर लिहायचे. तिथे काम सुरू होतं ते ब्रीफपासून. ब्रीफ म्हणजे ग्राहक कंपनीची गरज सांगणारा एक-दोन पानांचा कागद. त्यात वस्तूचे गुण असतात, बजेट असतं, पण अनुभवी माणूस आधी एकच ओळ शोधतो: लोक ही वस्तू आज का घेत नाहीत? ती ओळ नीट लिहिलेली नसेल तर पुढचं सगळं काम भरकटतं. आपल्याकडच्या शास्त्रचर्चेत हीच शिस्त फार जुनी आहे. आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचा आक्षेप, पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचं. जाहिरात, पोवाडा, प्रचारसभेतलं भाषण किंवा रील, या सगळ्यांत पूर्वपक्ष असतो, पण तो बहुधा उच्चारलेला नसतो. तो शोधून काढणं हाच तुमचा अभ्यास.

ॲरिस्टॉटलची तीन नावं वाईट नाहीत. बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याची भावना आणि मांडणीतला तर्क, ही वाटणी आजही कामाची आहे. पण वक्तृत्वकलेची व्याख्या करताना त्याने म्हटलं होतं की समोरच्या विशिष्ट प्रसंगात मन वळवण्याची कोणती साधनं उपलब्ध आहेत हे पाहण्याची ती शक्ती आहे. त्यातला ‘विशिष्ट प्रसंग’ आपल्या वर्गांतून गळून पडतो आणि नावं तेवढी उरतात. मग विद्यार्थी लिहितो, ‘आईचं प्रेम दाखवलं आहे, म्हणून पॅथॉस.’ असं वाक्य कुठल्याही जाहिरातीखाली लिहिता येतं, म्हणून त्यातून काहीच कळत नाही. मराठी विभागातून आलेली मुलं अनुप्रास आणि यमक शोधून थांबतात, तीही याच कारणाने अडतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. १९८०च्या दशकातली सर्फची ललिताजी. तुमचा जन्म नंतरचा असला तरी ती जाहिरात इंटरनेटवर सहज सापडते. लिंटास या एजन्सीने अलीक पदमसी यांच्या नेतृत्वाखाली ती केली आणि कविता चौधरी यांनी ललिताजी साकारली.

प्रसंग आधी समजून घ्या. सर्फ १९५९पासून भारतात विकला जात होता. करसनभाई पटेल यांनी १९६९मध्ये अहमदाबादेत निरमा सुरू केला आणि पुढच्या काही वर्षांत कितीतरी कमी किमतीची ही पावडर घराघरांत पोचली. निरमाची जाहिरात गाण्याची होती. पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी आणि दुधासारखी सफेदी. सर्फची अडचण अशी की आपण स्वस्त आहोत असं ते म्हणूच शकत नव्हते. ‘आमचे कपडे जास्त पांढरे’ म्हणायचं, तर पांढरेपणा समोरच्यानेही गाऊन ठेवलेला. आता ग्राहक बाईच्या मनातली शंका ओळखा. सर्फ चांगला आहे हे ती बहुधा मानतच होती. तिची शंका स्वतःबद्दल होती: एवढी महाग पावडर घेतली तर मी उधळी ठरेन का? सासू काय म्हणेल, नवरा काय म्हणेल? ही शंका कपड्यांच्या शुभ्रतेबद्दल नाही, गृहिणीच्या शहाणपणाबद्दल आहे. तिच्यापुढे पांढरे शर्ट कितीही फडकवले तरी ती शंका हलणार नाही.

म्हणून जाहिरात सुरू होते भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापासून. ललिताजी पैशापैशाचा हिशेब बघणारी आहे, हे आपण आधी डोळ्यांनी पाहतो. मग एक पुरुषी आवाज तिला विचारतो की एवढं भावताव करणारी तुम्ही, आणि पावडर मात्र महागाची का? हा आवाज म्हणजे साक्षात पूर्वपक्ष, पडद्यामागून बोलणारा. ती ठामपणे उत्तर देते: स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो. मग हिशेब येतो, की अर्धा किलो सर्फ एक किलो स्वस्त पावडरीच्या बरोबरीचा. आणि शेवटी ती प्रसिद्ध ओळ, ‘सर्फ की खरीदारी में ही समझदारी है.’

आता क्रम बदलून बघा. आधी हिशेब आणि मग भाजीवाला असं केलं, तर हिशेब सांगणारी बाई कंपनीची माणूस वाटते. आधी घासाघीस दिसली म्हणून तोच हिशेब काटकसरी बाईच्या तोंडचा वाटतो. तक्त्यात तुम्ही ‘इथॉस’ आणि ‘लोगॉस’ दोन वेगळ्या रकान्यांत लिहिले असतील. इथे पहिलं दुसऱ्याला आधार देतं, आणि तो आधार क्रमातून येतो. तो क्रम दाखवलात तर विश्लेषण झालं.

आणखी एक गोष्ट लिहिण्यासारखी आहे. ललिताजी गोड नाही. ती हसून आर्जव करत नाही, थोडी दटावणीच्या सुरात बोलते, आणि समोर प्रश्न विचारणारा पुरुष आहे. त्या काळी बहुतेक घरांत दूरदर्शन एवढीच वाहिनी होती आणि सगळं घर एकत्र बसून बघत असे. म्हणजे बाईला उत्तर देता येतं आहे हे तिच्या नवऱ्याच्या आणि सासूच्या देखत दिसत होतं. उद्या कोणी विचारलंच तर काय म्हणायचं, ते वाक्यही तिला तयार मिळालं. माझ्या मते या जाहिरातीची खरी ताकद इथे आहे.

पण इथेच थांबलात तर अर्धवट राहील. त्याच दशकात सर्फ बनवणाऱ्या हिंदुस्थान लिव्हरने व्हील ही स्वतःची स्वस्त पावडरही बाजारात आणली. म्हणजे ज्यांचं बजेट खरोखरच तोकडं होतं त्यांना हिशेबाचं उत्तर पुरणार नाही, हे कंपनीनेच ओळखलं होतं. कोणाची शंका शब्दांनी फिटते आणि कोणाची फिटत नाही, ही सीमा दाखवली तर प्रकल्पाला वजन येतं.

मघाशी मी म्हटलं की पूर्वपक्ष बहुधा उच्चारलेला नसतो. तसंच उत्तराचाही एक भाग अनेकदा मुद्दाम मोकळा सोडलेला असतो. ॲरिस्टॉटल याला एन्थिमीम म्हणतो: युक्तिवादाची मधली पायरी श्रोत्याने स्वतः भरायची. ललिताजी कुठेही ‘तुम्हीही माझ्यासारख्याच काटकसरी आहात’ असं म्हणत नाही. ते बघणारी बाई मनात म्हणते, आणि स्वतः म्हटलेलं माणसाला अधिक पटतं. मराठी किंवा संस्कृत साहित्यशास्त्र शिकला असाल तर तुमच्या हाती व्यंजनेची कल्पना आहेच. बोललेल्या अर्थापलीकडचा अर्थ रसिकाच्या मनात उमटतो तो कसा, यावर आनंदवर्धनाने नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसून बारकाईने लिहिलं आहे. त्याचा विषय काव्य होता, बाजार नव्हता, हे भान ठेवून वापरा. पण वापरा जरूर. आपल्या मुलांना रोलाँ बार्थ हा फ्रेंच अभ्यासक पाठ असतो आणि आनंदवर्धनाचा ध्वनी, म्हणजे हाच सूचित अर्थ, आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण मुद्दाम बाजाराबाहेरचं देते, कारण लोकप्रिय संस्कृती म्हटलं की विद्यार्थी जाहिरात आणि सिनेमा एवढंच धरतात. अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती गाजली. ऐकणारे बरेचसे गिरणगावातले कामगार. अनेकांची बायकामुलं कोकणात किंवा घाटावर गावी, आणि हे इथे एका खोलीत दहा-पंधरा जण.

या माणसाची शंका काय असेल? राज्याची सीमा इथून गेली काय किंवा तिथून गेली काय, माझ्या पाळीत आणि पगारात काय फरक पडणार? बेळगाव मी पाहिलेलंही नाही. सभेत पुढाऱ्याने भाषावार प्रांतरचनेचं तत्त्व समजावलं असतं तर त्याने मान डोलावली असती आणि घरी गेला असता. शाहीर वेगळ्या वाटेने जातो. आधी गावी राहिलेल्या बायकोची आठवण, निरोपाचा प्रसंग, जिवाची काहिली. मग मुंबईचं चित्र, तिची श्रीमंती आणि तिचं दारिद्र्य. आणि शेवटी नकाशा: जशी माझी मैना माझ्यापासून दूर, तसे बेळगाव-कारवार, डांग-उंबरगाव महाराष्ट्रापासून तुटलेले. श्रोत्याच्या मनात विरह आधीपासून होताच. शाहिराने तो नव्याने निर्माण केला नाही, त्याला फक्त दुसरा पत्ता दिला. केनेथ बर्क या अमेरिकन अभ्यासकाने १९५०मध्ये मांडलं की मन वळवण्याच्या मुळाशी तादात्म्य असतं: तुझं आणि माझं एकच आहे असं समोरच्याला जाणवून देणं. बर्कचा हा मुद्दा समजायला या छक्कडीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इथेही क्रम बघा. नकाशा पहिल्या कडव्यात आला असता तर ते प्रचारगीत झालं असतं. आणि बाज बघा. छक्कड हा लावणीचा प्रकार. श्रोता मन रमवायला आलेला, बचाव उभा करून बसलेला नाही. शिवाय ध्रुपद झीलकऱ्यांकडून, म्हणजे मागून साथ देणाऱ्या गायकांकडून, परत परत येतं आणि गर्दीही ते उचलते. श्रोत्याने ते स्वतःच्या तोंडाने म्हटलेलं असतं. हे छापील शब्दांत दिसत नाही, म्हणून अशा गोष्टींचा अभ्यास पुस्तकातून करू नका. ध्वनिमुद्रण ऐका, आणि जमलं तर एखाद्या शाहिराचा कार्यक्रम समोर बसून ऐका. कीर्तनालाही जा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान रंगतं. पूर्वरंगात ज्या तत्त्वाबद्दल श्रोता साशंक होता, ते उत्तररंगातल्या गोष्टीत त्याला कसं पटतं हे टिपून घ्या. महाराष्ट्रात राहून मन वळवण्याची कला शिकणाऱ्याने कीर्तन ऐकलेलं नसणं मला पटत नाही.

आता कामाची पद्धत. निवडलेली जाहिरात किंवा भाषण आधी कागदावर उतरवा. तीन रकाने पाडा: काय दिसतं, काय ऐकू येतं, काय बोललं जातं. सेकंदागणिक लिहा. कंटाळवाणं आहे, पण जे काही सापडतं ते इथेच. एकदा आवाज बंद करून बघा, एकदा चित्र न बघता ऐका. छापील जाहिरात असेल तर मजकूर झाकून नुसतं चित्र एखाद्या मित्राला दाखवा आणि काय समजलं ते विचारा. मग मजकूर उघडा. चित्राचे अनेक अर्थ होऊ शकतात आणि शब्द त्यांतला एक पक्का करतात, हे रोलाँ बार्थने १९६४च्या निबंधात पान्झानी नावाच्या फ्रेंच कंपनीच्या पास्त्याची जाहिरात घेऊन दाखवलं. जाळीची पिशवी, टोमॅटो, मिरची आणि रंगांची निवड यांतून ‘इटलीपण’ कसं उभं राहतं, हे त्याचं वाचन अजूनही ताजं वाटतं. निबंध लहान आहे, मूळच वाचा. त्यावरच्या नोट्स नकोत.

त्यानंतर प्रतिस्पर्धी मजकूर शोधा. ललिताजी निरमाशेजारी ठेवल्यावरच उलगडते. प्रत्येक मजकूर कोणाला तरी उत्तर देत असतो, आणि ते दुसरं बोलणं तुम्हाला सापडलं नाही तर विश्लेषण हवेत राहतं.

शेवटी पाच-सहा माणसांशी बोला, वेगवेगळ्या वयांच्या आणि घरांच्या. मजकुरात काय आहे आणि बघणाऱ्याने काय घेतलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टुअर्ट हॉल या ब्रिटनमधल्या माध्यम-अभ्यासकाने १९७३मध्ये हेच मांडलं: कोणी सांगितलेला अर्थ जसाच्या तसा स्वीकारतं, कोणी तडजोड करून घेतं, कोणी उलटा वाचतं. बोलण्याआधी परवानगी घ्या आणि नावं बदला. पाच-सहा जणांवरून ‘महाराष्ट्रातल्या स्त्रियांना असं वाटतं’ असं मात्र लिहू नका. मजकुराचा प्रभाव किती पडला हे केवळ मजकूर वाचून कळत नाही, ही मर्यादा प्रकल्पात स्पष्ट लिहा. पोलिओच्या ‘दो बूंद ज़िंदगी की’ मोहिमेत अमिताभ बच्चन घराघरांत पोचले होते. तरी उत्तर प्रदेशात लसीच्या डोसबद्दल अफवा होत्या तिथे दारोदार फिरणाऱ्या स्थानिक स्त्रिया आणि धर्मगुरू यांनी पालकांशी बोलावं लागलं. पडद्यावरचा विश्वास आणि उंबऱ्यावरचा विश्वास वेगळा असतो.

विषय अजून ठरत नसेल तर दोन सुचवते. पहिला, दिवाळी अंकांतल्या जाहिराती. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९चा. तेव्हापासून केशतेल, दंतमंजन, शक्तिवर्धक औषधं, बँका, सराफ यांच्या जाहिरातींचा केवढा तरी साठा आपल्या ग्रंथालयांत पडून आहे आणि त्याला फारसं कोणी हात लावत नाही. एकच वस्तू घ्या, चार-पाच दशकांतले थोडे अंक काढा आणि वाचकाची गृहीत धरलेली शंका कशी बदलत गेली ते बघा. ‘किर्लोस्कर खबर’चंही पाहा. १९२०मध्ये एका कारखान्याचं पत्रक म्हणून ते निघालं आणि पुढे मराठी मध्यमवर्गाचं मासिक झालं. लोखंडी नांगराने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि त्याच नांगराच्या कारखान्यातून हे नियतकालिक निघालं, हे लक्षात घेऊन जुने अंक चाळा.

दुसरा विषय आजचा आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ‘डार्क पॅटर्न’बद्दल, म्हणजे ॲप किंवा संकेतस्थळावर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या रचनांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यांत १३ प्रकार नोंदवले. ‘फक्त दोनच उरल्या’ अशी खोटी घाई लावणं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, नकार देणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणं, हे त्यांतले काही. तिकीट काढताना विमा नको म्हटल्यावर ‘नको, मी धोका पत्करतो’ असं लिहिलेलं बटण दाबायला लावतात ना, ते शेवटच्या प्रकारात येतं. चार-पाच ॲपचे स्क्रीनशॉट घेऊन हे काम घरबसल्या होईल. इथे एक भेद जपा, आणि माझं याबद्दल ठाम मत आहे. ललिताजी शंकेला उत्तर देते. ते पटलं नाही तर बाई निरमा घ्यायला मोकळी आहे. ॲपमधली उलट मोजणी करणारी घड्याळं शंका यायला वेळच ठेवत नाहीत. दोन्हींना सरसकट ‘मन वळवणं’ म्हटलं तर या विषयातला सर्वांत महत्त्वाचा फरक पुसला जातो. जाहिरात स्व-नियमनासाठी १९८५पासून काम करणाऱ्या ॲस्की (ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया) या संस्थेचे तक्रारींवरचे निर्णयही वाचा. दावा कुठे संपतो आणि फसवणूक कुठे सुरू होते याचा विचार त्यांत ठोस उदाहरणांवर झालेला दिसतो.

उपयोगाचं विचारलंत. आपल्याकडे वक्तृत्वकला या नावाचा स्वतंत्र विभाग क्वचितच असतो. अमेरिकेत पहिल्या वर्षाच्या लेखनाच्या वर्गातच हा विषय भेटतो. इथे तो मराठी, माध्यम, मानसशास्त्र, राज्यशास्त्र आणि मार्केटिंग यांत विखुरलेला आहे. म्हणून पदवीवर त्याचं नाव नसेल, पण जाहिरातलेखन, सार्वजनिक आरोग्याची मोहीम, ॲपमधला मजकूर, प्रचाराचं काम, वकिली, या सगळीकडे ‘समोरचा का नाही म्हणतोय’ हे ओळखणारा माणूस लागतो. मुलाखतीला दहा जाहिरातींचा तक्ता घेऊन जाण्यापेक्षा एका जाहिरातीचं आठ पानी नीट विश्लेषण घेऊन जा.

घरच्यांसाठी वेगळं उत्तर शोधू नका. घरात गेल्या महिन्यात जाहिरात बघून घेतलेली एखादी वस्तू निवडा, ती घेण्याआधी कोणाला काय शंका होती आणि ती कशाने गेली, हे आईवडिलांनाच विचारा, आणि तुमच्या प्रकल्पाची पहिली मुलाखत म्हणून ते लिहून काढा. तीन रकान्यांचा कागद तयार झाला की इथे टाका. क्रमाबद्दल मला काही दिसलं तर सांगेन.